चाखणीचा कप

मी एक जुना पांढरा कप आहे, मित्रांनो, आणि बघा, पहिल्याच वाक्यात माझा घोटाळा झाला. मी कप आहे की किटली, हे मला अजून नीट कळलेलं नाही. मला कान आहे, म्हणून मी कप. पण कपाला झाकण नसतं, मला होतं. शिवाय माझ्या काठाला एका बाजूने करवतीसारखे बारीक दाते आहेत. माझ्या पोटात पत्ती घालायची, वर उकळतं पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि थोड्या वेळाने मला वाडग्यावर आडवं करायचं. चहा दात्यांमधून गळून वाडग्यात पडतो, पत्ती माझ्यापाशी राहते. हे काम तर किटलीचं. पण सगळे मला कपच म्हणत आले, म्हणून मीही तेच म्हणतो.

माझा जन्म भट्टीत झाला. एकाच साच्यातून निघालेले आम्ही पुष्कळ भाऊ होतो आणि सगळे इतके सारखे, की भट्टीतून बाहेर आल्यावर मी नेमका कोणता, हे ठरवायलाच मला वेळ लागला. कारागीर एकेकाला उचलून टिचकी मारायचा आणि कानाशी धरायचा. खणखणीत आवाज आला की डावीकडे, बद्द आला की उजवीकडे. माझ्या वेळी त्याने टिचकी मारली, थांबला, पुन्हा मारली आणि मग मला डावीकडे ठेवलं. तो का थांबला होता, ते देव जाणे.

तिथून गवतात गुंडाळून आम्हाला चहाच्या एका मोठ्या व्यापारी पेढीत आणलं गेलं. खाली गोदाम होतं. तिथे पत्तीच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या असायच्या. वरच्या मजल्यावर चाखणीची खोली होती. एक लांब टेबल, एक मोठी खिडकी, भिंतीला पांढरा रंग, आणि टेबलाशेजारी कमरेएवढा उंच पत्र्याचा डबा. त्या डब्यात काय टाकतात हे समजल्यावर मला शिसारी आली होती. चाखलेला चहा त्यात थुंकायचा असे. इतक्या प्रेमाने केलेला चहा थुंकून टाकतात, हे पाहून मी पहिल्याच दिवशी बुचकळ्यात पडलो. पुढे तर बुचकळ्यात पडणं हाच माझा धंदा झाला.

या खोलीचे राजे होते फुर्रकाका. त्यांचं खरं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण ते कुणी घेत नसे. चमचाभर चहा ते ओठांशी नेत आणि असा जोरात ओढत, की "फुर्र" आवाज खालच्या गोदामापर्यंत जाई. मग क्षणभर डोळे मिटत, चहा डब्यात टाकत आणि एकच शब्द बोलत. "ओला." "करपट." "बारदान." किंवा अगदी क्वचित, "जिवंत." त्यांच्या एका शब्दावर आख्खी पेटी पास व्हायची नाहीतर माघारी जायची. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती इथे रोज व्हायची.

काकांचा शब्द झेलायला ताई असायची. ताईचं काम मिश्रणाचं. वेगवेगळ्या पत्त्या अशा मिसळायच्या, की पुडा कधीही फोडला तरी चव तीच लागावी. ती काकांकडूनच शिकली होती आणि काका "बारदान" म्हणाले की तिलाही लगेच ओल्या पोत्याचा वास यायचा.

काकांचा चहा करायचा नियम पक्का होता. पत्ती छोट्या तराजूत तोलायची. पाणी खळखळ उकळलेलंच हवं. वाळूचं घड्याळ उलटायचं आणि वाळू संपेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. दूध नाही, साखर नाही. मला वाटलं, चला, चहा म्हणजे हा. निदान एक गोष्ट तरी समजली.

पण दुपारची सुट्टी झाली आणि माझी समजूत पार कोलमडली. पेढीच्या मालकीणबाई वर आल्या. त्यांनी हलका फिका चहा घेतला आणि त्यात लिंबाची चकती सोडली. टेम्पो चालवणारे मामा खालून पातेलं घेऊन आले. त्यांनी दूध, पाणी, साखर, पत्ती सगळं एकत्र करून इतकं उकळलं, की चमचा उभा राहील. ताईने हिरवी पत्ती काढली आणि उकळलेलं पाणी चक्क निवू दिलं. गरम पाण्याने ही पत्ती कडू होते, असं तिचं म्हणणं. शिवाय पहिलं पाणी फेकून देऊन तिने दुसऱ्या पाण्याचा चहा घेतला. दुसरं पाणीच खरं, म्हणाली. मामा म्हणाले, हे तर आजाऱ्याचं पाणी. मालकीणबाई म्हणाल्या, दुधात चहा बुडवणं हा चहाचा अपमान आहे. असा रोज वाद चाले. शेजारी ठेवलेली किटली तर मध्येच इतकी धुसफुसायची, की चहापेक्षा किटली गरम म्हणतात ते खरं वाटे.

काका या वादात कधी पडत नसत. ते दुपारी कोमट पाणी पीत. तुमचा आवडता चहा कोणता, असं ताईने एकदा विचारलं, तेव्हा ते नुसते हसले. साऱ्या जगाच्या चहाची पारख करणारा माणूस स्वतः कोणता चहा पितो, हे कुणालाच माहीत नव्हतं. मला तर वाटायचं, हे चहा पीतच नसावेत.

अशी बरीच वर्षं गेली. पेढीचं नाव झालं. लांबून लोक काकांची चाखणी बघायला येत. कुणाकुणाला वाटे, काकांनी आपल्या मालाला नाक मुरडू नये, म्हणून ते गोड बोलून बघत. काका आपले नाकासमोर चालणारे. त्या दिवसांत मी रोज कढत पाण्याने धुतला जाई, उन्हात वाळे, आणि आपणही या मोठ्या कामात आहोत याचा मला अभिमान वाटे.

मग एका हिवाळ्यात काकांना सर्दी झाली. सर्दी काय, सगळ्यांनाच होते. ते काही दिवस घरी राहिले आणि गळ्याला मफलर गुंडाळून परत आले. चाखणी पुन्हा सुरू झाली. फुर्र आवाज तोच होता. पण शब्द बदलला होता. "ठीक," काका म्हणाले. पुढचा वाडगा, पुन्हा "ठीक." त्याच्या पुढचा, "ठीक."

मी गोंधळलो. त्या दिवशी माझ्या पोटात जी पत्ती होती, ती मुळीच ठीक नव्हती. मित्रांनो, मला नाक नाही. पण ज्याच्या अंगात पत्ती फुलते, त्याला तिचा वास लपत नाही. त्या पेट्यांनी वार्निशच्या डब्यांशेजारी प्रवास केला असावा. माझ्या अंगाला नव्या कपाटासारखा वास येत होता. झाकण उचललं तेव्हा ताई जराशी मागे सरली. तिने काकांकडे पाहिलं. काका पत्तीचा रंग न्याहाळत होते. पूर्वी ते पत्तीकडे एवढा वेळ कधी बघत नसत.

"ठीक," ते म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुला काय वाटतं?"

काकांनी ताईला असं पूर्वी कधीच विचारलं नव्हतं. ताई गडबडली. ठीकच आहे, म्हणाली, आणि तिने तो नमुना पास झालेल्या डब्यांच्या रांगेत ठेवला. काका गेल्यावर तिने पुन्हा मला नाकाशी नेलं, मग स्वतःचा हात हुंगला, मग खिडकी उघडून बाहेरची हवा घेतली. आपलंच नाक बिघडलं, असं तिला वाटत होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. आता दोघांपैकी कोण चुकतंय? काका चुकणं शक्य नव्हतं. ताई तर काकांच्याच हाताखाली तयार झालेली. मग मीच चुकत असेन का? माझ्याच मातीला काही वास लागला असेल का? मला काही सुधरेना.

त्याच संध्याकाळी आणखी एक अजब घडलं. सगळे गेल्यावर काकांनी मला झाकणासकट रुमालात गुंडाळलं आणि आपल्या पिशवीत घातलं. चोरी म्हणावी, तर पेढीतलं सगळं त्यांच्याच हाताखालचं. मी पहिल्यांदाच त्या खोलीच्या बाहेर पडलो आणि पिशवीत हिंदकळत काकांच्या घरी पोचलो.

घर लहान होतं, पण स्वयंपाकघर लख्ख. तिथे काकू चहा करत होत्या. तो प्रकार पाहून माझं झाकण उडायची वेळ आली. थंड पाण्यातच दूध, साखर आणि मूठभर पत्ती. तोलणं नाही, घड्याळ नाही. चहा वर आला की आच कमी, खाली गेला की पुन्हा मोठी. शेवटी गाळणीतली पत्ती चमच्याने दाबून दाबून पिळून काढली. काकांच्या खोलीत असा चहा कुणी केला असता, तर त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं असतं. आणि काका? काकांनी तो चहा मुकाट्याने घेतला आणि तळापर्यंत प्यायले. आवाजसुद्धा केला नाही.

मला घरी का आणलं, ते हळूहळू उमगलं. काकू शेजारी गेल्या की काका फळीवरचे डबे काढत. कधी माझ्यात लवंग टाकत, कधी कॉफी, कधी साबणाचा तुकडा. झाकण लावून थांबत. मग झाकण उचलून नाक जवळ आणत, खोल श्वास घेत आणि तसेच उभे राहत. पुन्हा श्वास घेत. मग मला धुऊन पिशवीत ठेवत. एकदा तर त्यांनी डोळे मिटून कुठलातरी डबा उघडला आणि चिमूटभर काहीतरी माझ्यात टाकलं. बराच वेळ हुंगल्यावर म्हणाले, "लवंग." माझ्या पोटात कॉफी होती.

काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. काका ताकास तूर लागू देत नव्हते. पण एका संध्याकाळी चहा गॅसवर असताना काकूंच्या बहिणीचा फोन आला. बोलणं लांबलं. पातेल्याच्या बुडाला दूध लागलं आणि घरभर करपट वास पसरला. काकू धावत आल्या तोवर काकांनी स्वतःच चहा गाळून घेतला होता आणि ते खिडकीपाशी बसून पीत होते. मी त्यांच्या समोरच होतो.

काकू म्हणाल्या, ठेवा तो, दुसरा करते. काका म्हणाले, "कशाला? छान झालाय."

काकू जागच्या जागी थांबल्या. "काय म्हणालात?"

"छान झालाय म्हटलं."

"लग्न झाल्यापासून माझ्या चहाला तुम्ही छान म्हणाला नाहीत," काकू हळूच म्हणाल्या. "आणि आज दूध करपलंय. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, काय जळतंय म्हणून."

काकांनी हातातल्या चहाकडे पाहिलं. त्यात जणू काही लिहिलं असावं, असे ते बघत राहिले. मग त्यांनी सगळं सांगितलं. सर्दी गेली, पण जाताना वास घेऊन गेली. आधी वाटलं, आज ना उद्या येईल. दिवस गेले, आला नाही. जिभेला गोड कळतं, कडू कळतं, पण चहा आणि गरम पाणी यांत फरक उरलेला नाही. काकूंनी विचारलं, मग कुणाला सांगितलं का नाही. काका म्हणाले, आपलं घर या नाकावर चाललंय, ते गेलं असं कुठल्या तोंडाने सांगू.

काकूंनी करपलेलं पातेलं उचलून मोरीत ठेवलं. मग त्यांनी जे विचारलं, त्याची मला अपेक्षा नव्हती. त्यांनी पेढीचं विचारलं नाही. म्हणाल्या, इतकी वर्षं माझा चहा आवडत नव्हता, तर सांगायचं होतं. मी तुमच्या पद्धतीने केला असता.

"आवडत नव्हता असं कोण म्हणालं?" काका म्हणाले. "दिवसभर मी चहाला नावं ठेवतो. घरचा चहा मला चाखायचा नव्हता. प्यायचा होता."

काकूंनी पदराने डोळे पुसले की चष्मा, ते मला दिसलं नाही. मग मात्र त्या उठल्या आणि एकदम व्यवहाराचं बोलल्या. सर्दीपासून किती पेट्या पास केल्या? काकांना सांगता येईना. पत्ती दिसायला चांगली होती, म्हणाले. काकू म्हणाल्या, डोळ्यांनी चहा चाखता येत असता, तर पेढीने तुम्हाला कशाला ठेवलं असतं? उद्या जा आणि सांगा.

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन पेढीवर गेले. नेमक्या त्याच दिवशी वार्निशच्या वासाच्या पेट्या मोठ्या पिंपात मिसळायच्या होत्या. एकदा त्या मिसळल्या, की शेकडो पुडे बिघडणार. रीतीप्रमाणे शेवटची चाखणी बघायला मालकीणबाई वर आल्या होत्या. ताईने वाडगे मांडले. काकांनी माझा चहा चमच्यात घेतला, ओढला, डब्यात टाकला. सगळे त्यांच्या शब्दाची वाट बघत होते. काकांनी चमचा खाली ठेवला.

"वास येत नाही," ते म्हणाले.

मालकीणबाईंनी वाडगा उचलून हुंगला. "असं कसं? मला तर येतोय."

"चहाला आहे. मला येत नाही."

"म्हणजे आवडला नाही का तुम्हाला?"

"आवडायचं राहू द्या, बाई. मला कशाचाच वास येत नाही. सर्दी झाल्यापासून."

मालकीणबाईंना हे कळायला वेळ लागला. त्यांनी पुन्हा वाडगा हुंगला, पुन्हा काकांकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "पण मला कसलातरी येतोय. कसला आहे हा?" काका म्हणाले, तेच तर मला सांगता येत नाही. कुणी कुणाला काय विचारावं, तेच कळेनासं झालं. खोलीत नुसता सावळागोंधळ.

"वार्निशचा," ताई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती अजून टेबलाकडेच बघत होती. "पहिल्या दिवसापासून येतोय. मला वाटलं, माझंच नाक बिघडलं."

"मग बोलली का नाहीस?" काकांनी विचारलं.

"तुम्ही ठीक म्हणालात ना, काका."

काकांनी तो वाडगा उचलून डब्यात रिकामा केला. मला वाटतं, वास गेल्याचं जेवढं दुःख त्यांना झालं नव्हतं, तेवढं या वाक्याने झालं.

त्या पेट्या माघारी गेल्या. सर्दीनंतरचा सगळा माल ताईने पुन्हा चाखला आणि त्यातला काही काढून टाकावा लागला. मालकीणबाई आधी रागावल्या, मग घाबरल्या, मग काही दिवस काकांशी बोलल्याच नाहीत. काकांनी आपला चमचा पुसून ताईपुढे ठेवला आणि आता येतो म्हणाले. तेव्हा मालकीणबाईच जिन्यात आडव्या आल्या. म्हणाल्या, ताईचा धीर चेपेपर्यंत तरी तिच्याशेजारी बसा.

मग ती खोली पूर्वी कधी नव्हती इतकी बोलकी झाली. ताई चाखायची आणि सांगायची, काका, याला उन्हात विसरलेल्या चादरीसारखा वास आहे. काका डोळे मिटून आठवायचे आणि म्हणायचे, म्हणजे पत्ती जास्त वाळवलीय. ती म्हणायची, याला पाऊस थांबल्यावरच्या अंगणासारखा. ते म्हणायचे, मग घे, घे, लगेच घे. कधी दोघांचंही चुकायचं आणि मालकीणबाईंच्या कपाळाला आठी पडायची. यात चाखणारं कोण, ते मला ठरवता आलं नाही. वास एकाला येत होता आणि त्याचा अर्थ दुसऱ्याला ठाऊक होता. मी आपला मधे पत्ती सांभाळत होतो.

पुढे ताईला आधाराची गरज उरली नाही. काका निवृत्त झाले. आठवण म्हणून मालकीणबाईंनी मला त्यांना देऊन टाकलं. पण सगळ्यांचे डोळे भरलेले, बोलणी चाललेली, त्या धांदलीत माझं झाकण टेबलावरच राहिलं. आता ते माझ्या कुठल्यातरी भावाच्या डोक्यावर असेल. मी काकूंच्या ओट्याशेजारी आलो. आधी माझ्यात चमचे ठेवले गेले, मग काड्यापेटी, मग काही दिवस काहीच नाही, नुसती धूळ. मग एके सकाळी काकूंनी मला घासलं आणि काकांचा चहा माझ्यात ओतला. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यातून प्यायलं. काकांनी दात्यांची बाजू तोंडाला लावली आणि सगळा चहा हनुवटीवरून सदऱ्यावर आला. काकू इतक्या हसल्या, की त्यांना खाली बसावं लागलं.

वास परत आला का, असं तुम्ही विचाराल. काय सांगू? एका दुपारी काका चहाचा घोट घेता घेता थबकले. म्हणाले, याला ओल्या दोरखंडाचा वास येतोय. काकूंनी हुंगून पाहिलं, दोरखंड कुठला, नेहमीचाच चहा होता. डॉक्टर म्हणाले, वास परतताना कधीकधी असा वाट चुकतो. पुढे सुधारेल, किंवा असाच राहील, नक्की सांगता येत नाही. तेव्हापासून काकू रोज काहीतरी त्यांच्या नाकाशी धरतात. साबणाला काकडीचा वास येतो. कॉफीला जळक्या रबराचा. काकूंच्या नव्या शालीला, काका म्हणतात, टपालकचेरीचा. कधी दोघं हसतात. कधी काका नुसते खिडकीबाहेर बघत राहतात आणि काकू आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीजवळ ओढून घेतात.

मित्रांनो, शेवटी शहाणपणाचं काही सांगावं, अशी आमच्यासारख्या जुन्या वस्तूंकडून अपेक्षा असते. माझ्यापाशी ते फारसं नाही. चहा मुरवावा की उकळावा, दूध घालावं की लिंबू, मला अजून उलगडलेलं नाही. ज्याला जसा हवा, त्याला तसा द्या. माझ्यासारख्या कपाला सुगंधी साबणाने घासू नका, साधं गरम पाणी पुरे. धूळ साचेपर्यंत आम्हाला विसरू नका. आणि कधी तुम्हाला एखादी गोष्ट कळेनाशी झाली, तर ती मनात लपवून ठेवू नका. जवळच्या माणसाला सांगा. तसं कुणी तुम्हाला सांगू लागलं, तर हातातलं काम ठेवा आणि त्याच्यापाशी बसा. चहा गार झाला तरी चालेल.